वांग चुंग-हुई : कायद्याचे राज्य शोधणारा विधिज्ञ

तैवानमध्ये आज घराच्या व्यवहारावरून दोघांत वाद झाला किंवा एखाद्या मुलीने वडिलांच्या मालमत्तेत भावाइतकाच वाटा मागितला, तर त्याचा निवाडा ज्या दिवाणी संहितेच्या आधारे होतो, ती मुळात तैवानसाठी लिहिली गेलीच नव्हती. १९२९ ते १९३१ या काळात ती नानकिंग येथे साऱ्या चीनसाठी तयार झाली, तेव्हा तैवान जपानच्या ताब्यात होते. पुढे वीस वर्षांच्या आत चित्र पालटले. चीनच्या मुख्य भूमीवर कम्युनिस्टांनी ही संहिता रद्द केली आणि समुद्रापलीकडच्या तैवान बेटावर ती टिकून राहिली. त्या संहितेला वळण देणाऱ्या प्रमुख विधिज्ञांपैकी एक, वांग चुंग-हुई, हेही याच वाटेने तैवानला पोहोचले आणि अखेरपर्यंत तेथील न्यायसंस्थेचे प्रमुख राहिले.

परराष्ट्रमंत्री, न्यायमंत्री, पंतप्रधान, आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश आणि न्यायसंस्थेचे सर्वोच्च पद, अशी त्यांच्या पदांची यादी भली मोठी आहे. मात्र त्यांच्या आयुष्याचे सूत्र एकाच प्रश्नात सापडते. ज्या देशात तलवारीचा शब्द अखेरचा मानला जातो, तेथे कायद्याचा शब्द कसा रुजवायचा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात त्यांची पन्नासहून अधिक वर्षे गेली. त्यांना मोठे यश मिळाले, तसेच मोठे अपयशही त्यांच्या पदरी आले.

हाँगकाँग ते येल

वांग चुंग-हुई यांचा जन्म १८८१ मध्ये हाँगकाँगमध्ये झाला. घराणे मूळचे क्वांगतुंग प्रांतातले. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. त्या वेळी हाँगकाँगमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेत असलेला सन यत्-सेन नावाचा तरुण त्यांच्याकडे येत-जात असे. चीनच्या क्रांतीचा हा भावी नेता वांग यांना अशा रीतीने बालपणापासूनच परिचित होता.

ब्रिटिश वसाहतीत वाढल्यामुळे इंग्रजी भाषा त्यांना सहज अवगत झाली. पुढे तिएनत्सिन येथील पेइयांग विद्यापीठात त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १९०० मध्ये ते पदवीधर झाले. चीनमधील आधुनिक विद्यापीठाने दिलेले पहिले पदवीपत्र त्यांचेच, अशी त्याची नोंद केली जाते. त्यानंतर जपान आणि तेथून अमेरिका असा त्यांचा प्रवास झाला. येल विद्यापीठातून १९०५ मध्ये त्यांनी कायद्यातील डॉक्टरेट मिळवली. त्याच सुमारास, १९०४ मध्ये, सन यत्-सेन न्यूयॉर्कमध्ये आले होते. चीनच्या प्रश्नाची बाजू अमेरिकी वाचकांपुढे मांडणारा इंग्रजी लेख त्यांना लिहायचा होता आणि त्या कामी त्यांना वांग यांची मदत झाली.

युरोपात गेल्यावर वांग यांनी जे काम हाती घेतले, त्याने त्यांचे नाव जगभरच्या विधिज्ञांना ठाऊक झाले. १ जानेवारी १९०० रोजी अमलात आलेली जर्मन दिवाणी संहिता ही त्या काळातील सर्वांत आधुनिक संहिता मानली जात असे. २,३८५ कलमांचा हा ग्रंथ जर्मन वकिलांनाही सोपा वाटत नव्हता. वांग यांनी तो इंग्रजीत आणला आणि १९०७ मध्ये लंडनमध्ये हे भाषांतर प्रसिद्ध झाले. जर्मन आणि इंग्रजी या दोन्ही भाषा परक्या असलेल्या, पंचविशीच्या एका चिनी तरुणाने एका युरोपीय देशाचा कायदा दुसऱ्या युरोपीय भाषेत समजावून द्यावा, ही घटना त्या काळात अपूर्वच होती. इंग्रजी जाणणाऱ्या विधिज्ञांच्या पुढे अनेक वर्षे हेच भाषांतर होते.

परक्या न्यायालयांचे ओझे

कायद्याच्या या ध्यासामागे केवळ विद्वत्तेची हौस नव्हती. अफूच्या पहिल्या युद्धातील पराभवानंतर १८४२ ते १८४४ या काळात चीनवर जे तह लादले गेले, त्यांनी एक विलक्षण व्यवस्था निर्माण केली होती. चीनच्या भूमीवर एखाद्या इंग्रज किंवा अमेरिकी माणसाने गुन्हा केला, तर त्याच्यावर चिनी न्यायालयात खटला चालवता येत नसे. त्याचा न्याय त्याच्याच देशाचा वकील किंवा त्याच देशाचे न्यायालय करी. पुढे इतर अनेक राष्ट्रांनीही हा हक्क मिळवला. चीनचे कायदे रानटी आहेत, तेथील तुरुंगांत छळ होतो आणि न्यायाधीश हे राज्यकर्त्यांचे नोकर आहेत, असे कारण त्यासाठी पुढे केले जात असे.

वांग यांच्या पिढीतील विधिज्ञांनी त्यातूनच आपले ध्येय निश्चित केले. जगाला मान्य होतील असे कायदे आणि स्वतंत्र न्यायालये उभी केली, तर परक्यांना हा हक्क सोडणे भाग पडेल, अशी त्यांची धारणा होती. कायद्याची सुधारणा हा त्यांच्या दृष्टीने स्वातंत्र्यलढाच होता.

१ जानेवारी १९१२ रोजी नानकिंग येथे चिनी प्रजासत्ताकाची स्थापना झाली. हंगामी अध्यक्ष सन यत्-सेन यांनी परराष्ट्र खात्यासाठी वू तिंग-फांग यांच्यासारखे मुरब्बी मुत्सद्दी बाजूला ठेवून तिशीतल्या वांग यांची निवड केली. वू यांच्याकडे न्याय खाते गेले. हे सरकार अल्पजीवी ठरले. युआन शिकाई यांच्या हाती सत्ता गेल्यावर वांग काही महिने न्यायमंत्री होते. मात्र पंतप्रधान तांग शाओ-यी यांनी राजीनामा दिल्यावर तेही बाहेर पडले. पुढची काही वर्षे त्यांनी शांघायमध्ये अध्यापन, ग्रंथसंपादन आणि राज्यघटनेविषयीचे लेखन यांत घालवली. याच काळात युआन शिकाई यांनी स्वतःला सम्राट घोषित करण्याचा खटाटोप केला आणि १९१६ मध्ये ते निधन पावले. त्यांच्यामागे देश लष्करी सरदारांच्या हाती विखुरला.

सज्जनांचे मंत्रिमंडळ

१९२० मध्ये वांग पेकिंग सरकारच्या सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन परिषदेत चीनच्या तीन प्रतिनिधींमध्ये त्यांचा समावेश होता. जपानने १९१५ मध्ये चीनपुढे ठेवलेल्या २१ मागण्यांचा प्रश्न त्यांनी तेथे उपस्थित केला. परकीयांच्या न्यायाधिकाराचा प्रश्नही याच परिषदेत पुढे आला आणि त्याच्या चौकशीसाठी आंतरराष्ट्रीय आयोग नेमण्याचे ठरले.

मायदेशी परतल्यावर त्यांच्या वाट्याला राजकारणातील सर्वांत कटू अनुभव आला. मे १९२२ मध्ये हू शी आणि पेकिंगच्या इतर विचारवंतांनी देशातील सज्जनांनी आता राजकारणात उतरावे, असे जाहीर आवाहन केले होते. त्यावर सह्या करणाऱ्यांत वांग होते. सप्टेंबर १९२२ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि त्यांच्या मंत्रिमंडळाला लोकांनी सज्जनांचे मंत्रिमंडळ असे नाव दिले. परदेशांत शिकलेले, चारित्र्याविषयी शंका नसलेले विद्वान त्यात होते. त्यांच्या पाठीशी जनता नव्हती आणि पक्षही नव्हता. होता तो वू पेइ-फू या लष्करी सरदाराचा आधार.

अवघ्या दोन महिन्यांत तो आधार सुटला. १८ नोव्हेंबरच्या रात्री अर्थमंत्री लो वेन-कान यांना ऑस्ट्रियाच्या कर्जाच्या व्यवहारात लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. संसदेच्या सभापतींच्या तक्रारीवरून राष्ट्राध्यक्षांनी पोलिसांना थेट आदेश दिला होता. मंत्रिमंडळाला विचारण्याचीही गरज कोणाला वाटली नाही. विरोधी सरदारांनी ओरड सुरू करताच वू पेइ-फू यांनी हात आखडता घेतला आणि महिनाअखेर वांग यांचे सरकार गेले. लो यांची पुढे न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली, पण तोवर ज्या कारणासाठी अटक झाली होती ते साध्य झाले होते. देशातील सर्वांत नावाजलेल्या विधिज्ञाला पंतप्रधानपदी असतानाही आपल्या सहकाऱ्याला कायदेशीर प्रक्रियेचे संरक्षण देता आले नाही.

यानंतर वांग यांनी स्वतःच्या बळावर सत्ता मिळवण्याचा प्रयत्न कधीच केला नाही. ते मंत्री झाले, अध्यक्ष झाले, पण नेहमी दुसऱ्याच्या सत्तेच्या छायेत राहून. मसुदा त्यांचा आणि निर्णय दुसऱ्याचा, अशी वाटणी त्यांनी जणू स्वीकारली.

संहिता आणि हेग

वॉशिंग्टनमध्ये ठरलेला आयोग १९२६ मध्ये पेकिंग येथे बसला. त्यात चीनची बाजू वांग यांनी मांडली. आयोगाचा निष्कर्ष निराशाजनक होता. आधी कायदे आणि न्यायालये सुधारा, लष्करी अधिकाऱ्यांचा न्यायदानातील हस्तक्षेप थांबवा, मग हक्क सोडण्याचा विचार करू, असा त्याचा आशय होता. अपमानास्पद असले तरी त्यातील लष्कराविषयीचे निरीक्षण खोटे नव्हते आणि वांग यांना ते १९२२ पासून अनुभवाने ठाऊक होते.

चँग कै शेक यांच्या नेतृत्वाखाली कुओमिंतांग पक्षाने नानकिंग येथे सरकार स्थापन केल्यावर वांग तेथे न्यायमंत्री झाले. सन यत्-सेन यांच्या कल्पनेनुसार शासनाची पाच स्वतंत्र अंगे निर्माण करण्यात आली. त्यांना युआन म्हणतात. कार्यकारी, कायदेविषयक आणि न्यायविषयक या तीन अंगांच्या जोडीला नोकरभरतीच्या परीक्षा आणि शासनावरील देखरेख यांसाठी आणखी दोन अंगे होती. १९२८ मध्ये वांग न्याय युआनचे पहिले अध्यक्ष झाले. नवी फौजदारी संहिता त्याच वर्षी अमलात आली आणि तिचा मसुदा मुख्यतः त्यांचा होता. त्यापाठोपाठ १,२२५ कलमांची दिवाणी संहिता पाच भागांत तयार झाली. तिच्या मसुदा समितीचे ते सल्लागार होते. तरुणपणी भाषांतरित केलेल्या जर्मन संहितेची छाप तिच्यावर स्पष्ट दिसते. मुलींना मुलांच्या बरोबरीने वारसाहक्क देणारा हा कायदा चीनच्या सामाजिक इतिहासातील मोठे पाऊल होता.

१९३० मध्ये हेग येथील स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून त्यांची निवड झाली. १९२१ मध्येच ते तेथे उपन्यायाधीश म्हणून निवडले गेले होते. ऑस्ट्रिया आणि जर्मनी यांनी जकातसंघ स्थापन करावा की नाही, या गाजलेल्या प्रकरणात न्यायालयाने सप्टेंबर १९३१ मध्ये ८ विरुद्ध ७ अशा मताधिक्याने विरोधी सल्ला दिला. वांग अल्पमतातील सात न्यायाधीशांपैकी होते. स्वतंत्र राष्ट्राने आपखुशीने केलेला आर्थिक करार म्हणजे स्वातंत्र्याचा त्याग नव्हे, असे या सातांचे मत होते. त्याच महिन्यात जपानने मांचुरियावर चढाई केली. हेगच्या शांत दालनात राष्ट्रांच्या हक्कांचा काथ्याकूट चालू असताना वांग यांच्या स्वतःच्या देशाचे लचके तोडले जात होते. १९३६ मध्ये त्यांनी न्यायाधीशपद सोडले.

युद्ध, भारतभेट आणि कैरो

मार्च १९३७ मध्ये वांग पुन्हा परराष्ट्रमंत्री झाले. चार महिन्यांतच जपानबरोबर सर्वंकष युद्ध पेटले. ऑगस्टमध्ये त्यांनी सोव्हिएत युनियनशी अनाक्रमणाचा करार केला आणि त्यामुळे चीनला शस्त्रास्त्रांची मदत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून चीनला निघाले, ते पथक तेथे पोहोचले तेव्हा परराष्ट्र खाते वांग यांच्याकडेच होते. एप्रिल १९४१ मध्ये ते या पदावरून दूर झाले आणि सर्वोच्च राष्ट्रीय संरक्षण परिषदेचे सरचिटणीस झाले.

याच नात्याने फेब्रुवारी १९४२ मध्ये चँग कै शेक दांपत्याबरोबर ते भारतात आले. चँग यांना महात्मा गांधींना वर्धा येथे जाऊन भेटायचे होते, पण ब्रिटिश सरकारला ते रुचले नाही. अखेर १८ फेब्रुवारी रोजी कलकत्त्यात ही भेट झाली. भारत सोडताना चँग यांनी ब्रिटनने भारतीयांना खरी राजकीय सत्ता द्यावी, असे जाहीर आवाहन केले. लंडनमध्ये त्यामुळे बरीच नाराजी पसरली.

११ जानेवारी १९४३ रोजी अमेरिका आणि ब्रिटन यांनी चीनशी नवे करार करून आपले विशेष न्यायाधिकार सोडून दिले. वांग यांच्या पिढीचे स्वप्न शंभर वर्षांनी पुरे झाले. मात्र ते संहितांच्या दर्जामुळे नव्हे, तर युद्धात चीनची गरज होती म्हणून पुरे झाले. आंतरराष्ट्रीय न्यायाचा आयुष्यभर पाठपुरावा करणाऱ्या विधिज्ञाला त्यातला धडा उमगला नसेल, असे म्हणता येत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कैरो येथे रुझवेल्ट, चर्चिल आणि चँग कै शेक यांची परिषद झाली. जाहीरनाम्याच्या मसुद्यावर चर्चा करण्यासाठी चीनतर्फे वांग बसले होते. जपानने मांचुरिया, तैवान आणि पेस्काडोर बेटे सोडून द्यावीत, एवढेच म्हणावे, ती कोणाला द्यायची हे लिहू नये, असे ब्रिटिश प्रतिनिधी अलेक्झांडर कॅडोगन यांनी सुचवले. वांग यांनी त्याला ठाम नकार दिला. नुसते सोडून द्यावे असे म्हटले तर नाना अर्थ काढले जातील, म्हणून हे प्रदेश चीनला परत मिळतील असेच लिहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकी प्रतिनिधी हॅरिमन यांनी त्यांना दुजोरा दिला आणि १ डिसेंबर रोजी प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्यात तीच शब्दरचना राहिली. १८९५ पासून जपानच्या ताब्यात असलेले तैवान ऑक्टोबर १९४५ मध्ये चिनी प्रशासनाखाली आले. तैवानच्या दर्जाविषयी आजही जो वाद चालतो, त्यात कैरोच्या जाहीरनाम्याचा कायदेशीर अर्थ काय, हा कळीचा मुद्दा असतो.

बेटावरील न्यायपीठ

२५ डिसेंबर १९४७ रोजी चिनी प्रजासत्ताकाची नवी राज्यघटना अमलात आली. तिचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार न्याय युआनमधील महान्यायमूर्तींच्या परिषदेला देण्यात आला. १९४८ मध्ये वांग दुसऱ्यांदा न्याय युआनचे अध्यक्ष झाले आणि त्या नात्याने या परिषदेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. ६ जानेवारी १९४९ रोजी, नानकिंग पडण्याच्या काही महिने आधी, परिषदेने आपला पहिला निर्णय दिला. कायदेमंडळाच्या सभासदाला सरकारी पद स्वीकारता येणार नाही, असा तो निर्णय होता. बाहेर राज्य कोसळत असताना सत्तेच्या विभाजनाचा नियम लिहिला जात होता.

त्या वर्षाअखेर कुओमिंतांगचे सरकार तैवानला गेले. घटनेतील महत्त्वाच्या तरतुदी आणीबाणीच्या कलमांनी आधीच बाजूला सारल्या होत्या आणि तैवानमध्ये २० मे १९४९ पासून लष्करी कायदा लागू होता. नागरिकांवर लष्करी न्यायालयांत खटले चालत आणि अनेकांना मृत्युदंड होई. १९२६ च्या आयोगाने ज्या दोषाकडे बोट दाखवले होते, तोच आता नव्या रूपात समोर उभा होता. विखुरलेली महान्यायमूर्तींची परिषद १९५२ मध्ये तैपेई येथे पुन्हा काम करू लागली, पण लष्करी कायद्याला तिने हात लावला नाही.

सर्वांत दूरगामी ठरला तो २९ जानेवारी १९५४ चा ३१ वा निर्णय. मुख्य भूमीवर निवडून आलेल्या कायदेमंडळाच्या सभासदांची तीन वर्षांची मुदत १९५१ मध्येच संपली होती. नियंत्रण युआनच्या सभासदांची सहा वर्षांची मुदतही संपत आली होती. चीनभर निवडणुका घेणे अशक्य होते. राष्ट्र मोठ्या संकटात असून कायदेशीर निवडणूक शक्य नसल्याने, पुढचे सभासद निवडून येईपर्यंत पहिल्या सभासदांनी काम चालू ठेवावे, असे परिषदेने सांगितले. युआन ओस पडू नयेत, हा त्यामागचा तर्क होता. पण निर्णयात कालमर्यादा नव्हती. परिणामी १९४० च्या दशकात निवडून आलेले सभासद चार दशके जागा अडवून बसले. तैवानचे लोक या सभागृहांना उपहासाने दहा हजार वर्षांची संसद म्हणू लागले.

हा निर्णय वांग यांच्या एकट्याचा नव्हता, पण तो त्यांच्या अध्यक्षतेखाली झाला. परकीयांच्या विशेष हक्कांविरुद्ध, सरदारांच्या मनमानीविरुद्ध आणि कैरोतील एका संदिग्ध शब्दाविरुद्ध उभे राहिलेले वांग स्वतःच्या सरकारपुढे मात्र उभे राहिले नाहीत. सत्तरी ओलांडलेले वय, पराभूत राज्याची असुरक्षितता आणि चँग यांची एकहाती सत्ता ही त्याची कारणे सांगता येतात. तरीही सभासदांच्या मुदतीला टोक नसावे, ही उणीव मसुद्याच्या एकेका शब्दाची किंमत जाणणाऱ्या विधिज्ञाच्या नजरेतून सुटली असेल, हे पटत नाही.

तैपेईत त्यांनी कायद्याच्या शिक्षणासाठीही काम केले. मुख्य भूमीवरील सूचाऊ विद्यापीठाची तैवानमध्ये पुनर्स्थापना झाली, तेव्हा ते त्याच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले. १५ मार्च १९५८ रोजी, न्याय युआनच्या अध्यक्षपदावर असतानाच, तैपेई येथे त्यांचे निधन झाले. सूचाऊ विद्यापीठाच्या वाय-श्वांग-शी येथील परिसरात त्यांची समाधी आहे.

त्यांच्या पश्चात बत्तीस वर्षांनी, २१ जून १९९० रोजी, त्याच महान्यायमूर्तींच्या परिषदेने २६१ वा निर्णय दिला. लष्करी कायदा १९८७ मध्ये उठला होता आणि त्या वसंतात विद्यार्थी तैपेईच्या चौकात धरणे धरून बसले होते. जुन्या सभासदांनी १९९१ अखेरपर्यंत पायउतार व्हावे आणि नव्या निवडणुका घ्याव्यात, असे परिषदेने बजावले. १९९१ आणि १९९२ मध्ये त्याप्रमाणे निवडणुका झाल्या आणि तैवानच्या लोकशाहीचा पाया घातला गेला. १९५४ मध्ये ज्या पीठाने सत्तेला मुदतवाढ दिली, त्याच पीठाने सत्तेची मुदत संपवली. त्यासाठी नवे न्यायालय निर्माण करावे लागले नाही की नवी घटना लिहावी लागली नाही.

वांग चुंग-हुई यांचे मूल्यमापन करताना या दोन तारखा शेजारी ठेवाव्या लागतात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या संस्था त्यांच्या हयातीत सत्तेपुढे वाकल्या, पण मोडल्या नाहीत. कायदा आपणहून कोणाला स्वातंत्र्य देत नाही. लोक ते मागायला उभे राहतात तेव्हा त्यांच्या हाती काहीतरी लिहिलेले असावे लागते. ते लिहून ठेवण्याचे काम वांग यांनी केले. त्याचा उपयोग करण्याचे धैर्य दुसऱ्या पिढीला दाखवावे लागले.